समेटाची तारीख

त्या साली चैत सरायच्या आतच ओढ्याची धार तुटली. बोरळवाडीच्या बायकांनी मग वाळूत झिरे काढले. कोपर बुडेस्तोवर हात खाली घालायचा, ओली वाळू उपसायची आणि बसून राहायचं. तळाला पाणी जमायचं ते घोटाघोटानं. नारळाच्या नरोटीनं ते घागरीत घ्यायचं, फडक्यानं गाळायचं. एक घागर भरेपर्यंत पाठ भाजून निघायची आणि उठताना गुडघ्यांना हात द्यावा लागायचा.

केराबाईच्या मळ्याच्या बांधावर विहीर होती. भर उन्हातही तिच्या तळाला निळं पाणी दिसायचं. कपारीत कबुतरं राहायची. ती खाली उतरून प्यायची, पंख भिजवून वर यायची. माणसांना मात्र तिथं घागर सोडायची बंदी होती. कोर्टाचा मनाईहुकूम होता. दाव्याचा निकाल लागेस्तोवर वादीनं किंवा प्रतिवादीनं विहिरीवर मोट चालवायची नाही, पाणी काढायचं नाही.

वादी म्हणजे केराबाईचा नवरा बिरप्पा, आणि प्रतिवादी शेजारच्या मळ्यातला शिवप्पा. विहीर दोघांच्या बांधावर होती. दोघांच्या बापांनी मिळून ती खांदली होती, एक दिवस याची मोट, एक दिवस त्याची. मग एका अवर्षणाच्या साली बिरप्पाच्या पाळीला शिवप्पाचे बैल मोट ओढत धावेवर दिसले. काल मोटेचा नाडा तुटला म्हणून माझी पाळी बुडाली, असं शिवप्पा म्हणाला. बिरप्पा म्हणाला, तुझा नाडा तुटला त्यात माझा काय गुन्हा? बोलण्यातून हात गेला. बिरप्पाचा पटका चार बायामाणसांदेखत, मोट रिकामी होते त्या थारोळ्याच्या चिखलात पडला. त्यानं तो उचलला नाही. बोडक्या डोक्यानं तसाच चालत सोलापूर गाठलं आणि वकिलाच्या पायरीवर जाऊन बसला.

दावा चालला, तारखा पडत गेल्या. गेल्या श्रावणात बिरप्पाच्या छातीत ताप भरला आणि तो गेला. पोरगा नव्हता. एक लेक कस्तुरा, ती नांदायला गेलेली. तेव्हा जमीन केराबाईच्या नावावर आली, चार मेंढरं आली, तसा दावाही आला.

तारखेला केराबाई पहाटे भाकरी बांधून चालत निघायची. मागून शिवप्पाची गाडी यायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की ती रस्त्याच्या कडेला होऊन बाभळीकडं तोंड करून उभी राहायची. गाडी पुढं जायची, धुरळा तिच्या अंगावर बसायचा. कोर्टात दुपार टळायची तेव्हा पट्टेवाला दारात येऊन ओरडायचा, “मयत बिरप्पा सोमाप्पा, वारस केराबाई, हाऽजिर?”

केराबाईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लेक त्याला बा म्हणायची. भावकीतली माणसं आता त्याच्याबद्दल बोलतच नव्हती. एवढ्या मोठ्या व्हरांड्यात एक परका माणूस छाती फुगवून ते नाव घ्यायचा आणि तिच्या अंगावर काटा यायचा. पुढली तारीख पडली की बाकीचे कुरकुरत, शिव्या देत परतायचे. केराबाईला मात्र आतून बरं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला सातवा सरत आला होता. आईनं पाण्याला जाऊ नको म्हणून बजावलं होतं. पण केराबाई मेंढरं घेऊन माळावर गेलेली, घरात घोटभर पाणी नाही, म्हणून पोरगी घागर घेऊन ओढ्यावर उतरली. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि दरड चढताना पायाखालचा मुरूम निसटला.

शिवप्पाची बायको नागव्वा पलीकडच्या झिऱ्यावर बसली होती. दाव्यापासून दोन्ही घरच्या बायका एका झिऱ्यावर बसत नव्हत्या. नागव्वा नरोटी टाकून धावली. पोरगी कुशीवर पडली होती, दोन्ही हात पोटाभोवती घट्ट.

“अव्वा गं! लागलं का? पोटाला लागलं का?”

“न्हाय. हात मुरगाळला,” कस्तुरा म्हणाली आणि रडायला लागली. “घागर फुटली की वो.”

“फुटू दे मेली घागर.” नागव्वानं तिला उठवून बसवलं, आपल्या घागरीतलं पाणी ओंजळीनं पाजलं, तोंडावरून ओला हात फिरवला. मग एका काखेत पोरगी आणि दुसऱ्या काखेला आपली घागर अशी ती केराबाईच्या अंगणात आली.

केराबाई मेंढरं कोंडत होती. नागव्वाला दारात बघून तिच्या हातातली कोंडवाड्याची ताटी तशीच राहिली.

“पोरीला आत घे,” नागव्वा म्हणाली. “आजची रात कुशीवर निजू दे. पोट कडक झालं तर मला हाक मार. लाजू नको.”

घागर तिथंच ठेवून ती रिकाम्या हातानं गेली. त्या घरात त्या सांजेला पाणी नसणार, हे केराबाईला कळलं. तिनं लेकीच्या हाताला हळद-गुळाचा लेप लावून शेकलं, पोटावर तळवा ठेवून बसली. आत बाळानं ढुशी दिली तेव्हा कुठं ती उठली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर शिवप्पा आला. अंगणात आला नाही, कुडाच्या बाहेर उभा राहिला. उंच माणूस, पण उन्हाळ्यानं तोही वाळून गेला होता. कालची घागर न्यायला आल्यासारखा आला होता, आणि घागर मिळाल्यावरही हलेना.

“वैनी,” तो म्हणाला. दाव्याच्या आधी तो तिला असंच म्हणायचा. “पोरगी बरी हाय का?”

“हाय.”

“बास झालं की आता हे.”

केराबाई मेंढराच्या लेंड्या पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारत राहिली.

“हीर दोगांची. पाळी पयल्यासारखी,” शिवप्पा म्हणाला. “तुमच्या पाळीला तुमच्याकडं बैल न्हाईत, तर माझं बैल मोट वडतील. मी लिवून देतो. त्यो वकील म्हनंल तितं अंगठा देतो.”

“इचार करून सांगते.”

“करा. पर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागतीया म्हनं. या तारखंला न्हाय मिटलं तर मनाई मिरगापतोर तशीच.” तो वळला, दोन पावलं गेला आणि पुन्हा फिरला. “तवर पोरीचं दीस भरतील, वैनी.”

केराबाई दिवसभर त्याच विचारात होती. बिरप्पा उघड्या डोक्यानं गेला ती वाट तिला दिसत होती. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यानं डोक्याला पटका बांधला नव्हता. निकाल लागला की बांधीन म्हणायचा. आता निकाल लागणारच नव्हता, नुसतं मिटणार होतं. तो असता तर काय म्हणाला असता हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिला जेवण गेलं नाही. संध्याकाळी कस्तुरा दुखऱ्या हातानं पीठ मळत होती, एका हातानं, ओठ दाबून, आणि पीठ भिजवायला पाणी कमी घेत होती. केराबाईनं ते पाहिलं. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बांध ओलांडून शिवप्पाच्या दारात गेली.

“मिटवू या,” एवढंच बोलली आणि परत आली.

तारखेच्या दिवशी झुंजुमुंजू झालं तेव्हा शिवप्पाची गाडी तिच्या दारात उभी होती. नागव्वा कस्तुराजवळ थांबायला आली होती. केराबाई गाडीत मागं, तोंड फिरवून बसली. नांगरटीची ढेकळं उन्हानं पांढरी पडली होती. माळावर वावटळ उठली, पाचोळा गोल फिरवत रस्ता ओलांडून गेली. जिथं ती बाभळीकडं तोंड करून उभी राहायची ती बाभळ आली आणि मागं पडली. शिवप्पानं तिथं बैलांना उगाच हुर्र हुर्र केलं.

सोलापूर आलं तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली गाडी सोडली. केराबाईचे वकील म्हातारे, कोटाच्या बाह्या विरलेल्या, स्वभावानं बरे. तडजोडीचा अर्ज त्यांनी वाचून दाखवला. मजकूर तिला कळला, तिनं अंगठा दिला. शिवप्पानंही दिला. मग बसून राहायचं.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस, व्हरांड्यात माणसांची दाटी. भिंतीला टेकायलाही जागा नव्हती. ऊन पायऱ्यांवरून वर सरकत आलं तशी माणसं आत आत सरकली. केराबाईनं भाकरी सोडली आणि तशीच परत बांधून ठेवली. दुपार टळली. वकील एकदा बाहेर येऊन म्हणाले, “आज पुकारा होतो की नाही कोण जाणे. नाही झाला तर जूनमध्ये.” शिवप्पा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. त्याच्या पाठीवर सदरा घामानं चिकटला होता.

उन्हं तिरपी झाल्यावर पट्टेवाला दारात आला. “मयत बिरप्पा सोमाप्पा, वारस केराबाई, हाऽजिर?”

केराबाईच्या मनात आलं, हे शेवटचं. मग ती घाईनं उठली.

मुनसफसाहेब नवे होते, तरुण, चष्मेवाले. दिवसभराच्या कामानं त्यांचा चेहरा ओढला होता, पण घाई करणारा माणूस नव्हता. अर्ज त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग तिच्याकडं पाहिलं. “बाई, यात काय लिहिलंय ते तुम्हांला समजलं?”

“व्हय जी.”

“कुणी धाक घातला? आमिष दाखवलं?”

“न्हाय जी.”

“आज कोर्टात कशा आलात?”

केराबाईनं खरं ते सांगितलं. “ह्येंच्या गाडीतनं.”

मागं बाकावर कुणीतरी हसलं. साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. “प्रतिवादीच्या गाडीतून?” ते वकिलांकडं वळले. “एक विधवा बाई, एकटी वारस. दाव्यात विहिरीवर सगळा हक्क सांगितलेला, आणि तडजोडीत निम्मा सोडून देते. बाईंना स्वतःला विचारल्याशिवाय मी हे नोंदवून घेणार नाही. शपथ द्या.”

कारकुनानं शपथ दिली. तिनं ती जशीच्या तशी म्हटली.

“नाव सांगा.”

“केराबाई.”

“नवऱ्याचं नाव?”

केराबाईनं पदर पुढं ओढला.

“नवऱ्याचं नाव सांगा, बाई. मूळ वादी कोण?”

तिनं वकिलांकडं पाहिलं. वकील हळू म्हणाले, “साहेब, कागदावर आहे. बायका नाव घेत नाहीत.”

“मला ठाऊक आहे. पण आपण कुणाचा दावा सोडतो आहोत, हे त्यांच्या तोंडून यायला हवं.” साहेबांचा आवाज चढला नव्हता. “नसेल सांगायचं तर सुट्टीनंतर पाहू. विचार करायला वेळही मिळेल.”

शिवप्पा पुढं सरला. “मी सांगतो जी. माझ्या संगं ल्हानाचा मोठा झालेला—”

“तुम्ही थांबा. तुम्ही प्रतिवादी आहात.”

शिवप्पा जागच्या जागी थांबला. त्याचे ओठ हलत राहिले.

केराबाईनं साक्षीच्या पिंजऱ्याचं लाकूड धरलं. घामाच्या हातांनी ते लाकूड गुळगुळीत झालं होतं. लग्नात घास भरवताना सगळ्यांनी नाव घे, नाव घे म्हणून गलका केला होता, तेव्हाही ती लाजून मान खाली घालून बसली होती आणि शेवटी सासूच म्हणाली होती, राहू द्या पोरीला. पुढं सगळा संसार ‘अवं’ आणि ‘ऐकलं का’ म्हणण्यात गेला. तो तापात होता तेव्हा तिला त्याला नावानं हाक मारावीशी वाटली होती. तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

“बिरप्पा,” ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की कारकुनानं मान पुढं केली.

“बिरप्पा,” तिनं मोठ्यानं म्हटलं. आता आवाज पुरेसा होता, आणि मागं कुणी हसलं नाही. “माझा नवरा बिरप्पा. त्येंनी दावा लावला. हीर त्येंची एकट्याची न्हाय जी, ते त्येंनाबी ठावं हुतं. दोगांच्या बापांनी खांदली. त्येंचा राग वेगळा हुता, त्यो हिरीचा न्हवता. राग त्येंच्या संगं गेला. मला पानी पायजे. माझी लेक बाळंतीण व्हायची हाय.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, टाक दौतीत बुडवला आणि तिचं सगळं बोलणं लिहून घेतलं. शिवप्पाला दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, “तडजोड नोंदली. दावा निकाली. मनाईहुकूम आजपासून उठला. जा बाई, उद्यापासून पाणी भरा.”

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. वकील खाकरून निघून गेले. शिवप्पा चार हातांवर उभा राहिला, जाणाऱ्या-येणाऱ्यांना तिच्या अंगावरून जाऊ देईना. “जरा कडेनं जावा की,” असं म्हणत हातानं त्यांना वळवत राहिला. रडणं थांबल्यावर तो नळावर गेला, तांब्या भरून आणला, तिच्यापुढं ठेवला आणि बैल जुंपायला गेला.

गाडी शहराबाहेर पडली. ऊन उतरलं होतं, पण जमिनीतून वाफ येत होती. केराबाई या वेळी तोंड फिरवून बसली नव्हती. बराच रस्ता गेल्यावर शिवप्पा मागं न बघता म्हणाला, “वैनी, येक इचारू?”

“इचारा.”

“शेवटाला कायतरी बोलला आसंल की त्यो. माझ्याबद्दल.”

तिला खोटं बोलता आलं असतं. चांगलं काहीतरी सांगता आलं असतं आणि ते या माणसानं जन्मभर उराशी धरलं असतं.

“दावा सोडू नगंस म्हनले.”

शिवप्पाचे खांदे हलले. तो हसतोय की काय ते तिला मागून कळेना. मग त्यानं दंडानं डोळे पुसले. “तसाच हुता. लई हट्टी. मला त्येला शिवता सुदीक आलं न्हाय मरताना. दारापतोर आलो हुतो बगा. कुडाशी उबा राह्यलो आन् परत गेलो.” मग जरा थांबून, “तरीबी तुमी सोडला.”

“त्येंनी सांगितलं तवा कस्तुरा पोटुशी न्हवती,” केराबाई म्हणाली. “असती तर त्येंनीच सोडला असता. बडबडत बडबडत, पर सोडला असता.”

“व्हय. त्ये बी खरं.”

बैल आपल्या चालीनं चालले होते. चाकाची आरी एका लयीत कुरकुरत होती. केराबाई दांडीला धरून थोडी पुढं सरकली. “तुमी त्येंना काय म्हनायचा? ल्हानपनी?”

“बिऱ्या. दुसरं काय.”

“बिऱ्या,” तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. असा कुणीतरी पोरगा होता, अनवाणी, चिंचा पाडणारा, तिला कधीच न दिसलेला.

“पवायला यायचं न्हाय त्येला,” शिवप्पा सांगू लागला. “हिरीच्या काठावर हुबा राहून मला सांगायचा, असा हात मार, तसा पाय मार. सोता पायरीवर! म्या येकदा वडला खाली, तर माझ्या मानंला असा धरून बसला की दोगंबी बुडत हुतो. बानं नाडा सोडून वर काडलं आन् दोगास्नीबी हानलं.”

“मला म्हनायचे, मी हिरीच्या तळाची माती आनून दाखवायचो.”

“माती!” शिवप्पा मोठ्यानं हसला. “मी आनायचो. त्यो ती हातात वर धरून हुबा राह्यचा, आपनच आनल्यागत.”

केराबाईच्या तोंडून हसू फुटलं. ते असं अचानक आलं की तिनं पदर तोंडाला लावला, पण ते थांबेना.

“आन् तुमाला बगायला यायचं ठरलं तवाची गंमत तुमाला ठावं न्हाय,” तो म्हणाला. “मला लाज वाटतीया, तू आदी जाऊन बगून ये, म्हनला. मी तुमच्या गावाला गेलो. चार मैल चालत. ओढ्याच्या कडंला तुमी येका मेंढ्याच्या मागं पळत हुता. परकर खोचलेला, हातात काठी. त्यो मेंढा दांडगा, आन् तुमी त्येच्यापरीस दांडग्या. शिंगं धरून आडवा पाडला की त्येला!”

“तुमी बगितलं ते?” केराबाई लाजली. इतक्या वर्षांनी, या वयात, कानशिलं गरम झाली.

“बगितलं की. आलो आन् सांगितलं, बिऱ्या, पोरगी काळी हाय, पर लई जोरात पळतीया.”

“मग? काय म्हनले?”

“काय न्हाय म्हनला. गपगार. मग इचारलं, मेंढा घावला का? मी म्हनलो, घावला. तर म्हनतो कसा, मग बगायला कशाला जायाचं, होय म्हनून सांग.”

समोर बोरळवाडीची झाडं दिसायला लागली होती. घराच्या वासानं बैलांनी माना उचलल्या आणि पाय उचलायला लागले.

“भावजी,” ती म्हणाली, “बैलं वाईच सावकाश हाका. आजून सांगा की.”

शिवप्पानं कासरा ओढून धरला. बैलांनी नाखुशीनं चाल कमी केली आणि तो पुन्हा सांगू लागला.